खेळाडूचे श्रम आणि मैदानाची मालकी

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत, चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर, महिलांची एक आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा झाली. एकेरीचे विजेतेपद दार्या सेमेनिस्ताया या लात्वियाच्या खेळाडूने मिळविले. अंतिम सामन्यातील पहिला सेट गमावल्यावर तिने स्टॉर्म हंटर या ऑस्ट्रेलियन प्रतिस्पर्धिनीला पुढील दोन सेटमध्ये नमविले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी करंडकासह छायाचित्र छापले आणि विषय संपला.

वस्तुतः विषय तेथेच सुरू व्हावयास हवा होता. लात्वियाची लोकसंख्या एकोणीस लाखांच्या आत आहे. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेत्र्याण्णव लाखांच्या घरात होती. म्हणजे लात्वियासारखे जवळजवळ पाच देश या एका जिल्ह्यात मावतील. त्या चिमुकल्या देशाच्या येलेना ओस्टापेन्को हिने २०१७ साली फ्रेंच स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद मिळविले. अर्नेस्ट्स गुल्बिस याने २०१४ साली त्याच स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत स्थान मिळविले. संगणकीय क्रमवारी सुरू झाल्यापासून आजतागायत एकेरीत पहिल्या दहांत एकही भारतीय खेळाडू पोचू शकलेला नाही.

या अपयशाचे नेहमीचे स्पष्टीकरण ठरलेले आहे: आपल्या मुलांत चिकाटी नाही, आपली शरीरयष्टी या खेळास अनुकूल नाही, आणि पालकांना परीक्षेतील गुणांपलीकडे काही दिसत नाही. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, कारण ते सारा दोष व्यक्तीच्या माथी मारते आणि व्यवस्थेला निर्दोष सोडते. अंधेरी-घाटकोपरच्या गल्लीत रबरी चेंडूने दिवसभर क्रिकेट खेळणाऱ्या, दहीहंडीचे थर लावणाऱ्या, कबड्डीच्या मातीत गुडघे फोडून घेणाऱ्या मुलांत चिकाटी नाही असे म्हणणाऱ्याने ती मुले पाहिलेलीच नाहीत.

खेळाडूची कारकीर्द ही त्याच्या स्वेदाची आणि प्रतिभेची निर्मिती आहे, हे निर्विवाद. परंतु तिला तीन सामाजिक आधार लागतात. आरंभी मैदान लागते. मधल्या काळात श्रमाचा मोबदला लागतो. आणि तिशी-पस्तिशीत शरीर थकले म्हणजे उर्वरित आयुष्याची हमी लागते. या तिन्हींचा खर्च कोण सोसतो आणि त्यांचे फळ कोणाच्या पदरात पडते, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो राजकारणाचाही प्रश्न आहे.

लात्वियाच्याच एका निवृत्त खेळाडूचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. लारिसा साव्चेंको-नेलँड १९६६ साली युक्रेनमधील ल्विव्ह येथे जन्मली, सोव्हिएत क्रीडाव्यवस्थेत वाढली आणि विवाहानंतर लात्वियाची झाली. कोर्ट, प्रशिक्षक, रॅकेट आणि प्रवास यांचा भार तेथे शासन उचलीत असे. घरच्या सांपत्तिक स्थितीवर मुलीचे भवितव्य अवलंबून राहत नसे, हे त्या व्यवस्थेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु नाण्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. परदेशी स्पर्धांत मिळणारी बक्षिसाची रक्कम खेळाडूच्या हाती पडत नसे. ती शासकीय क्रीडासंघटनेच्या तिजोरीत जाई आणि खेळाडूला भत्ता मिळे. १९८९ च्या वसंतात अमेरिकेतील एका स्पर्धेत लारिसाची दुहेरीतील जोडीदार नताशा झ्वेरेवा हिने, हे बक्षीस आपल्याला स्वतःकडे ठेवावयाचे आहे, असे दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर जाहीरपणे सांगितले. मिन्स्कची ती मुलगी तेव्हा पुरती अठरा वर्षांचीही नव्हती. त्याच वर्षी या दोघींनी फ्रेंच स्पर्धेत दुहेरीचे विजेतेपद मिळविले. १९९१ मध्ये विंबल्डनही जिंकले. त्याच वर्षअखेर सोव्हिएत संघराज्य लयास गेले. नेलँड पुढे स्वतंत्र लात्वियाकडून खेळली, १९९२ साली दुहेरीच्या क्रमवारीत अग्रस्थानी पोचली आणि २००० साली निवृत्त झाली. दुहेरीची पासष्ट विजेतेपदे, आणि मिश्र दुहेरी धरून सहा ग्रँड स्लॅम करंडक, असा तिचा हिशेब आहे.

या कारकिर्दीतून एक धडा निघतो. साधनांची मालकी समाजाची झाली म्हणजे शोषण आपोआप संपते असे नाही. श्रमिकाच्या घामाचे वरकड मूल्य मालकाने खाल्ले काय किंवा श्रमिकाच्या नावाने राज्य करणाऱ्या नोकरशाहीने खाल्ले काय, श्रमिकाच्या दृष्टीने फरक थोडाच पडतो. लोकशाही समाजवाद्यांनी ही गोष्ट कारखान्यांच्या संदर्भात फार पूर्वीपासून मांडली आहे. टेनिसच्या कोर्टावर ती एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने मांडली, आणि तिला त्यासाठी ग्रंथ वाचावे लागले नाहीत.

आता महाराष्ट्राकडे वळावे. येथे नाटेकर पिता-पुत्रांच्या कारकिर्दी शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. सांगलीत १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर प्रथम टेनिसच खेळत. राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभव झाल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. १९५६ साली मलायातील सेलंगोर स्पर्धा जिंकून, बॅडमिंटनमध्ये आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच मानकऱ्यांत त्यांचे नाव होते. २०२१ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा काळ हौशी खेळाडूंचा होता. करंडक, टाळ्या आणि सत्कार यांवर संतुष्ट राहावे, पैशाचे नाव काढू नये, असा त्या काळचा संकेत होता. हा संकेत इंग्लंडमधील ज्या उच्चकुलीन वर्गाने घडविला, त्याला पैशाची ददात नव्हती. ज्याला सकाळी कामावर जावयाचे असे, त्याच्यासाठी मात्र हौशीपणाचा हा आदर्श म्हणजे दारावरची कडीच होती.

१९६८ साली जागतिक टेनिसने ही कडी काढली. हौशी आणि व्यावसायिक हा भेद संपला आणि बक्षिसाची रक्कम उघडपणे मिळू लागली. नंदू नाटेकरांचे पुत्र गौरव नाटेकर हे या व्यावसायिक युगाचे खेळाडू. ते अनेकदा राष्ट्रीय विजेते ठरले, डेव्हिस चषक संघात खेळले. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी लिअँडर पेस यांच्या साथीने दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. सांघिक सुवर्णपदकातही त्यांचा वाटा होता. १९९६ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. निवृत्तीनंतर ते क्रीडा-व्यवसायाच्या क्षेत्रात उतरले. ही पदके त्यांच्या श्रमाची आहेत. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. घरात खेळाची परंपरा, मार्गदर्शन आणि ओळखपाळख असलेल्या मुलालाच या वाटेवर पहिले पाऊल टाकता येते. आणि एवढे सारे असूनही आशियातील सुवर्णपदकापासून एकेरीच्या जागतिक क्रमवारीतील पहिल्या शंभरांपर्यंतचे अंतर कापता येत नाही. गौरव नाटेकरांनाही ते कापता आले नाही. याचे एक मोठे कारण मधल्या काळाच्या हिशेबात आहे.

तो हिशेब पाहण्यासाठी अलीकडचे उदाहरण घ्यावे. सुमित नागल हा हरियाणाचा खेळाडू. त्याला पुण्याच्या महा टेनिस फाउंडेशनचे साहाय्य आणि इंडियन ऑइल या सार्वजनिक कंपनीचे मासिक वेतन मिळत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये, देशातील अव्वल क्रमांकाचा एकेरी खेळाडू असताना, त्याने वृत्तसंस्थेला सांगितले की आपल्या बँकखात्यात नऊशे युरो, म्हणजे सुमारे ऐंशी हजार रुपये, शिल्लक आहेत. वर्षभर परदेशी स्पर्धा खेळण्याचा खर्च ऐंशी लाख ते एक कोटी. चोवीस स्पर्धांतून मिळालेले उत्पन्न सुमारे पासष्ट लाख. चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्याने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत एकतिसाव्या मानांकित खेळाडूला हरविले आणि देशाने त्याला डोक्यावर घेतले. तो पहिल्या फेरीत हरला असता तर त्या पासबुकाची आठवण कोणी ठेवली असती?

या व्यवसायाची रचना निमुळत्या शंकूसारखी आहे. पंधरा हजार डॉलर एकूण बक्षिसाच्या सर्वांत खालच्या व्यावसायिक स्पर्धेत पुरुष एकेरीच्या विजेत्याला जेमतेम दोन हजार डॉलर मिळतात. मुख्य फेरीत पहिला सामना हरणाऱ्याला दोनशे डॉलरही मिळत नाहीत. विमानभाडे, निवास, जेवण, प्रशिक्षक, रॅकेटच्या तारा यांचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा. गिरणीकामगाराला निदान येण्याजाण्याचे भाडे भरून, स्वतःचा माग विकत घेऊन, वर कामाच्या शोधात देशोदेशी हिंडावे लागत नव्हते. कायद्याच्या भाषेत टेनिसपटू हा स्वतंत्र व्यावसायिक आहे. म्हणून त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची पगारी रजा नाही. गुडघा दुखावला की उत्पन्न थांबते. खर्च मात्र वाढतो.

खेळाडूंना स्वतःच्या श्रमिकत्वाची जाणीव नाही असे मात्र नाही. १९७३ साली युगोस्लाव्हियाच्या निकी पिलिच याला त्याच्या देशाच्या संघटनेने डेव्हिस चषकाच्या प्रश्नावरून निलंबित केले, तेव्हा एक्क्याऐंशी पुरुष खेळाडूंनी विंबल्डनवर बहिष्कार टाकला. सोळा मानांकितांपैकी तेरा जण त्यात होते. हा संपच होता. त्याच वर्षी बिली जीन किंग आणि तिच्या सहकाऱ्यांच्या लढ्यामुळे अमेरिकन खुल्या स्पर्धेत स्त्री-पुरुषांना समान बक्षीस मिळू लागले. विंबल्डनला तोच न्याय करण्यास २००७ साल उजाडावे लागले. २०२४ पासून पुरुषांच्या व्यावसायिक संघटनेने पहिल्या अडीचशे खेळाडूंसाठी किमान वार्षिक उत्पन्नाच्या हमीची योजना सुरू केली. २०२५ मध्ये नोव्हाक जोकोविच आणि वासेक पोस्पिसिल यांनी स्थापन केलेल्या खेळाडू-संघटनेने टेनिसच्या नियामक संस्थांविरुद्ध मक्तेदारीचा आरोप करून न्यायालयात धाव घेतली. क्रमवारीत अडीचशेच्या खाली असलेल्यांचे, म्हणजे आपल्याकडील बहुतेक सर्व व्यावसायिक खेळाडूंचे, काय हा प्रश्न या योजनेनंतरही उरतोच. त्यांची बाजू मांडणारी बळकट संघटना आपल्या देशात उभी राहिलेली नाही. येथील क्रीडासंघटना स्पर्धा भरवितात, संघ निवडतात. श्रमिकांचे प्रतिनिधित्व हे त्यांचे काम नाही.

परंतु मोबदल्याचा प्रश्न मैदानापर्यंत पोचलेल्यांचा. जे मैदानापर्यंतच पोचत नाहीत त्यांचा प्रश्न त्याहून मूलभूत आहे, आणि येथे उपनगरांचा खरा संबंध येतो.

टेनिसच्या एका कोर्टाला भोवतालच्या मोकळ्या पट्ट्यासह सुमारे सहाशे सत्तर चौरस मीटर जागा लागते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबास तीनशे चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे अठ्ठावीस चौरस मीटरांचे घर मिळते. एका कोर्टाच्या जागेत अशी चोवीस घरे शेजारी शेजारी बसतात. जेथे दरडोई मोकळी जागा दोन चौरस मीटरांच्याही आत आहे अशा शहरात दोन किंवा चार जणांनी इतकी जागा अडवून चेंडू टोलवावा हे न्याय्य आहे काय, असा प्रश्न एखादा कार्यकर्ता विचारील. तो प्रश्न अप्रामाणिक नाही. एकशे तीस चौरस मीटरांत कबड्डीचे चौदा खेळाडू खेळतात. मग टेनिसचे लाड कशाला?

याला उत्तर असे की कोर्टे उपनगरांत आजही बांधली जात आहेत. फक्त ती कोणासाठी याचा निर्णय झालेला आहे. भांडुप-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर ज्या जागी एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत, तेथे आज उंच मनोरे उभे आहेत. पश्चिमेस अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतही चित्र फारसे वेगळे नाही. या संकुलांच्या जाहिरातींत तरणतलाव आणि टेनिस कोर्ट ही हमखास आढळणारी आकर्षणे असतात. म्हणजे जागा आहे, सिमेंट आहे, जाळीही आहे. आहे तो पहारेकरी. आणि त्या पहारेकऱ्याच्या मुलाला त्या फाटकातून आत जाऊन रॅकेट हाती धरता येत नाही. ज्या भूमीवर बापाने यंत्र चालविले त्या भूमीवर मुलगा चेंडूही मारू शकत नाही, ही मालमत्तेच्या वाटपाची कहाणी आहे. खेळाच्या नावाखाली ती झाकली जाते, एवढेच.

टेनिस हा येथे प्रथमपासूनच संपन्नांचा खेळ राहिला. १९३४ साली विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव ही मुंबईचीच. तिची आई पंडिता क्षमा राव संस्कृतची कवयित्री आणि स्वतः टेनिसपटू होती. त्या मायलेकींचे कर्तृत्व असामान्यच. पण नव्वद वर्षांनंतरही या खेळाचे दार मुख्यतः क्लबाच्या सभासदत्वातून किंवा सदनिकेच्या मालकीतून उघडावे, हे लोकशाहीला शोभत नाही. खेळ महाग आहे म्हणून तो गरिबांचा नव्हे, हा युक्तिवाद मान्य केला तर उद्या उच्च शिक्षणाबद्दल आणि शस्त्रक्रियेबद्दलही तेच म्हणता येईल. जी गोष्ट एकट्याच्या ऐपतीबाहेरची आहे, ती सर्वांनी मिळून उभी करावी, हाच तर सार्वजनिक क्षेत्राचा मूळ अर्थ होय.

तसे करता येते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी पुण्यात बालेवाडी येथे शासनाने क्रीडासंकुल उभारले. २०१८ पासून २०२३ पर्यंत तेथे पुरुषांची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होत होती. पुढे ती हाँगकाँगला गेली. भांडवल जेथे नफा दिसेल तेथे जाते. पण जनतेच्या पैशातून बांधलेली कोर्टे बालेवाडीतच राहिली. स्पर्धा येते आणि जाते, मैदान उरते. अंधेरीचे शहाजीराजे भोसले संकुल आणि मुलुंडचे प्रियदर्शिनी संकुल हीदेखील महापालिकेच्या प्रतिष्ठानाने चालविलेली, म्हणजे अखेर नागरिकांच्या करांवर उभी असलेली केंद्रे आहेत. त्यांचे शुल्क किती, पालिकेच्या शाळांतील किती मुलांना तेथे प्रवेश मिळतो, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक करदात्याला आहे, आणि घरभाडे देणारा झोपडीवासीही करदाताच असतो.

उपनगरांतील समाजवादी चळवळीला जमिनीचा प्रश्न नवा नाही. मृणाल गोरे यांनी गोरेगावात पाण्यासाठी हंडे वाजविले. नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखालील अतिरिक्त जमीन घरांसाठी मिळावी म्हणून नागरी निवारा परिषदेने दीर्घ लढा दिला आणि दिंडोशीला हजारो कुटुंबांना घरे मिळाली. १९७६ चा तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. त्यानंतर मोकळ्या जमिनीसाठी उरलेले हत्यार म्हणजे विकास आराखड्यातील आरक्षणे. मैदाने देखभालीच्या नावाखाली खाजगी संस्थांच्या हाती सोपविण्याच्या पालिकेच्या धोरणाला २०१६ मध्ये नागरिकांच्या विरोधामुळे स्थगिती मिळाली. २०२३ मध्ये तशाच धोरणाचा नवा मसुदा पुढे आला तेव्हाही विरोध झाला. पाणी आणि निवारा यांसाठी लढलेल्यांनी मैदानाचा प्रश्न दुय्यम मानणे स्वाभाविक होते. मात्र चाळीस वर्षांनंतर त्या घरांतील तिसरी पिढी मोकळ्या जागेच्या शोधात आहे.

राहिला निवृत्तीचा प्रश्न. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव यांच्या प्रवासासाठी लोकवर्गणी काढावी लागली. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. त्यानंतर परिस्थिती सुधारली हे मान्य केले पाहिजे. राज्य शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांसाठी केंद्र शासनाची निवृत्तिवेतन योजना आहे. परंतु या योजनेची अट पदक ही आहे. दहा-बारा वर्षे देशोदेशी खेळून, तरुणपण खर्ची घालून, पदकाविना परतणाऱ्याच्या वाट्याला काय? कामगाराचे निवृत्तिवेतन त्याने उत्पादनाचा विक्रम केला की नाही यावर ठरत नाही. त्याने किती वर्षे काम केले यावर ठरते. खेळाडूच्या बाबतीत न्यायाचे हे साधे तत्त्व लागू करण्यास कोणती तात्त्विक अडचण आहे?

लात्वियाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. ओस्टापेन्कोची आई स्वतः टेनिसची प्रशिक्षिका आहे, आणि गुल्बिसचे वडील धनाढ्य उद्योजक. तेथेही घराची पुण्याई कामी येते. नेलँडच्या पिढीला मैदान मिळाले पण मोबदला हिरावला गेला. आजच्या पिढीला मोबदल्याचा हक्क मिळाला, पण मैदान बापाच्या खिशावर अवलंबून राहिले. एका व्यवस्थेने खेळाडूला सरकारी मालमत्ता मानले, दुसरीने त्याला जुगारातील सोंगटी केले. मैदान सर्वांचे, कमाई कष्टणाऱ्याची आणि म्हातारपणाची काळजी समाजाची, ही तिन्ही सूत्रे एकत्र आणणारी व्यवस्था अजून घडावयाची आहे.

ती दिल्लीत घडेल तेव्हा घडेल. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील कार्यकर्त्यांना तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. आपल्या प्रभागाचा विकास आराखडा मागवून घ्यावा. त्यात मैदान म्हणून आरक्षित असलेला प्रत्येक भूखंड प्रत्यक्ष जाऊन पाहावा. तेथे मैदान आहे, वाहनतळ आहे की मंगल कार्यालय, याची नोंद करावी. पालिकेच्या क्रीडासंकुलांत पालिकेच्या शाळांतील मुलांसाठी ठराविक वेळ विनामूल्य राखून ठेवण्याची मागणी लावून धरावी. हे काम जाहीर सभेइतके आकर्षक नाही. पण एखाद्या पहारेकऱ्याच्या मुलीने रॅकेट हाती घेऊन पहिला चेंडू जाळीपलीकडे धाडावा, यासाठी आधी कोणीतरी फाटकाची किल्ली मागावी लागेल.